पट्ट्याची कड बघा

गेल्या जुलैत माझ्या धाकट्या भावाचा पट्टा सोलला. तुटला नाही, सोलला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधे, जिथे रोज बक्कल दाबून बसतं, तिथला काळा थर साप कात टाकतो तसा सुटून आला आणि आतून राखाडी, भुसभुशीत, ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. मागच्या बाजूचा 'अस्सल लेदर' हा ठसा मात्र अजून शाबूत होता. पट्टा घेऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

"म्हणजे ताई, हे लेदर नव्हतंच का?" त्यानं विचारलं.

पुण्यात, सहकारनगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत बसून मी गेली काही वर्षं हातानं पट्टे करते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतात. या प्रश्नाचं उत्तर 'होतं' असंही आहे आणि 'नव्हतं' असंही. ते नीट सांगायचं तर कातडं आतून कसं असतं इथपासून सुरुवात करायला हवी.

कापडात उभे-आडवे धागे असतात. एक ओढला की रांग उसवते. कातड्यात तसं नसतं. त्यातले तंतू वर, खाली, तिरके, सगळ्या दिशांनी एकमेकांत घुसलेले असतात. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. त्याचा एकेक रेणू तीन पेडांच्या दोरीसारखा पिळलेला असतो, असे रेणू मिळून बारीक तंतू होतो, तंतूंची जुडी होते आणि जुड्यांचं जाळं होतं. सुंभाचा दोर, दोरांचा जाड दोर, आणि त्या दोरांचं न उलगडणारं जंजाळ, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

हे जाळं वरपासून खालपर्यंत सारखं नसतं. केसांच्या बाजूला तंतू अगदी बारीक आणि दाट असतात. यालाच आम्ही ग्रेन म्हणतो. केसांची छिद्रं, सुरकुत्या, गोचीड चावल्याच्या खुणा सगळ्या इथेच. त्याखालच्या थरात तंतू जाड होतात आणि तिरके विणल्यासारखे जातात. सगळ्यांत खाली, मांसाच्या बाजूला, ते सैल आणि आडवे होतात. 'वरचा थर सर्वांत मजबूत' असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. ओढ सहन करण्याची ताकद मधल्या जाड तंतूंची असते. ग्रेन घासणं सोसतो, पाणी अडवतो आणि खालच्या तंतूंना बांधून ठेवतो. दोघं एकत्र राहिले तरच पट्टा टिकतो.

आता दुकानातले शब्द समजायला सोपे जातात. फुल ग्रेन म्हणजे वरचा थर जसाच्या तसा ठेवलेला, जनावराच्या सगळ्या खुणांसकट. करेक्टेड ग्रेन म्हणजे डाग घालवायला वरचा भाग घासून काढलेला, मग त्यावर रंगाचा थर आणि बहुतेक वेळा साच्यानं उठवलेले खोटे दाणे. स्प्लिट म्हणजे जाड कातडं आडवं चिरल्यावर उरलेला खालचा भाग. त्याला ग्रेन नसतोच, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवतात. आणि बॉन्डेड म्हणजे कारखान्यातल्या कातरणांचा भुगा चिकटद्रव्यात कालवून लाटलेला पत्रा. वर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर, त्यावर हवी ती नक्षी. भावाच्या पट्ट्यातून निघालं ते हेच. त्यात कातडं होतं, पण तंतूंचं जाळं नव्हतं. कागदाचा लगदा करून फळी बनवली तर तिला लाकूड म्हणायचं का, तसाच हा प्रश्न आहे. 'अस्सल लेदर' हा ठसा एवढंच सांगतो की आत कुठेतरी कातडं आहे. किती, कुठल्या थराचं, कशा अवस्थेत, याबद्दल तो गप्प असतो.

मला हे पहिल्यांदा शिकवलं ते पेठेतल्या एका वयस्कर कारागिरांनी. मी शिकाऊ असताना त्यांच्याकडे पट्टा नेला आणि कौतुकानं समोरून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, आडवा केला आणि डोळ्यांजवळ नेऊन फक्त कड बघितली. "ताई, तोंड रंगवता येतं," ते म्हणाले, "कड रंगवली तरी लपत नाही." तेव्हापासून मी दुकानात पट्टा उचलला की आधी कडच बघते.

कडेत काय दिसतं ते पुढे सांगते. त्याआधी कमावणं.

मराठीत आपण पैसे कमावतो, शरीर कमावतो आणि कातडंही कमावतो. तिन्हींत मेहनत आहे, पण कातड्याच्या बाबतीत या शब्दामागे खरं रसायनशास्त्र आहे. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर पत्र्यासारखं कडक होतं आणि पुन्हा भिजलं की पुन्हा कुजायला लागतं. कारण कोलॅजनच्या दोऱ्यांमधे पाणी मोकळं फिरतं आणि पाण्याबरोबर जीवाणू येतात. कमावणं म्हणजे त्या पाण्याच्या जागी असं काहीतरी बसवणं, जे दोऱ्यांना एकमेकांशी कायमचं जखडेल आणि तरीही त्यांना हलू देईल.

ते 'काहीतरी' तुम्ही चाखलेलं आहे. हिरडा चावला की तोंड आवळतं, जीभ कोरडी आणि खरखरीत होते. ही तुरट चव टॅनिनची. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. कातड्यातही तेच होतं, फक्त प्रथिन वेगळं. टॅनिन कोलॅजनला धरतं, दोऱ्यांमधे जाऊन बसतं आणि कातड्याचं चामडं होतं. कच्च्या सुपारीचा, काताचा, कडक चहाचा तुरटपणा याच घराण्यातला.

हिरडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या आसपासच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं तो गोळा करतात. सुकवलेला कोवळा बाळहिरडा हे तिथलं महत्त्वाचं रोख उत्पन्न. औषधात जातो तसा तो कातडी कमावायलाही जातो, कारण वाळलेल्या फळात साधारण ३० टक्के टॅनिन असतं. दख्खनच्या देशी पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा ही जोडी ठरलेली. आधी चुन्याच्या निवळीत भिजवून केस काढायचे, मग सालीच्या अर्कात मुरवायचं. मोठं कातडं पिशवीसारखं शिवून, आत अर्क भरून टांगायचीही रीत होती, म्हणजे अर्क आतून बाहेर झिरपत तंतूंमधून जातो. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तमिळनाडूकडे याच कामाला तरवडाची साल वापरत. तोच तरवड, जो आपल्याकडे माळावर पिवळा फुलतो.

ही विद्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या ढोर-कक्कय्या आणि चर्मकार समाजांना गावानं विहिरीपासून दूर ठेवलं, आणि त्यांनीच कमावलेल्या चामड्याच्या मोटेनं त्याच गावाच्या मळ्याला पाणी दिलं. मोट रोज भिजायची, रोज वाळायची, दगडावर घासायची आणि तरी वर्षानुवर्षं टिकायची. चांगल्या चामड्याबद्दल लिहिताना हे न लिहिणं मला जमणार नाही.

दुसरी पद्धत क्रोमची. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं आणि आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. सालीला काही आठवडे, जाड कातड्याला काही महिनेही लागतात. क्रोमचं काम मोठ्या फिरत्या पिंपात साधारण एका दिवसात होतं. ओलं असताना ते फिकट निळं दिसतं. क्रोमचा अणू अगदी लहान, तो तंतूंच्या आत शिरून घट्ट गाठ मारतो पण जागा भरत नाही. म्हणून क्रोमचं चामडं मऊ, लवचीक आणि उष्णतेला पक्कं. टॅनिनचे रेणू मोठे, ते पोकळ्या भरून टाकतात. म्हणून सालीचं चामडं भरीव, ताठ, आकार धरून ठेवणारं.

बूट, जाकीट, पर्स यांना क्रोम उत्तम. पट्ट्याला मात्र मी सालीचंच घेते, आणि त्यामागे पर्यावरणाचा अभिमान नाही, कामाची गरज आहे. पट्ट्याला दिवसभर ओढ बसते, त्यानं ताणून लांबू नये, कंबरेचा बाक घ्यावा आणि तो बाक धरून ठेवावा. शिवाय सालीच्या चामड्याची कड पाणी लावून लाकडानं घासली की तंतू एकमेकांत मिसळून काचेसारखी गुळगुळीत होतात. क्रोमची कड कितीही घासा, पिंजलेलीच राहते, तिला रंग फासावा लागतो किंवा दुमडून शिवावं लागतं.

पर्यावरणाचं म्हणाल तर दोन्हीकडे पाणी घाण होतंच. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यातल्या टॅनऱ्यांवर, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्यांवर, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये दिलेला निकाल प्रसिद्ध आहे. प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यायची हे तत्त्व त्यात स्पष्टपणे आलं. चामड्यातलं क्रोमियम त्रिसंयुजी रूपात असतं आणि ते त्वचेला तसं त्रासदायक नाही, पण प्रक्रिया नीट झाली नाही तर षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, ते मात्र घातक. युरोपात २०१५ पासून चामड्याच्या वस्तूंत त्याची मर्यादा एका किलोला ३ मिलिग्रॅम आहे. सालीच्या पद्धतीतलं काळपट पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर तेही मासे मारतं. 'झाडाची साल वापरली म्हणजे निर्मळ' असं कुणी विकत असेल तर सांडपाण्याचं काय करता, हे विचारावं.

घरी एक प्रयोग करता येतो. कारागिराकडून चामड्याचं कातरण मागून घ्या आणि त्यावर ओला, गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सालीचं असेल तर सकाळी निळा-काळा डाग दिसेल. टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग होतो. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो यामुळेच, आणि जुनी शाई हिरड्यापासून करत तीही याच कारणानं. दुसरं कातरण उकळत्या पाण्यात टाका. क्रोमचं जवळपास तसंच राहतं, सालीचं आखडून वाकडं होतं, कारण साधारण ७० ते ८५ अंशांना त्याचे तंतू आक्रसतात. सालीच्या चामड्याचा पट्टा इस्त्रीखाली किंवा गीझरच्या पाइपवर का वाळवू नये, तेही यातून कळतं.

आता जनावर आणि जागा. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा; २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथे पट्ट्यासाठी जाड चामडं म्हटलं की बहुतेक वेळा म्हशीचंच येतं. म्हशीचा ग्रेन थोडा भरड असतो, पण जाडी भरपूर मिळते आणि पट्ट्याला ते सोयीचं आहे. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते अंगाच्या कुठल्या भागाचं आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग सर्वांत घट्ट विणीचा. मानेला आणि खांद्याला सुरकुत्या असतात, पण ताकद बरी. पोट मात्र जनावरानं खाल्लं की फुगणारं, गाभण राहिलं की ताणणारं, म्हणून तिथले तंतू सैल. पोटाच्या चामड्याचा पट्टा सुरुवातीला छान मऊ वाटतो आणि काही महिन्यांत लांबतो, भोकं अंडाकृती होतात. चांगला कारागीर पट्टा पाठीतून, कण्याला समांतर कापतो. एका कातड्यात अशी जागा थोडीच, आणि हाताच्या पट्ट्याची किंमत जास्त का याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता कड. पट्टा आडवा धरून उजेडात बघा. एकसंध चामडं असेल तर कडेत वरून खाली बारीक तंतूंचा एकच दाट पोत दिसतो, वर किंचित घट्ट, खाली किंचित मोकळा. मधे रेघ दिसली तर दोन थर चिकटवलेत. ते वाईटच असं नाही. अस्तर लावलेले चांगले पट्टेही असतात. पण वरचा आणि खालचा थर कागदासारखा पातळ आणि मधे करडा भुगा किंवा पुठ्ठा असेल तर खाली ठेवा. कडेवर रबरासारखा जाड रंग असेल तर भोकाच्या आत बघा. तिथे रंग पोचत नाही. पंच मारलेल्या भोकाची आतली भिंत म्हणजे न रंगवलेली कडच.

मग पट्टा उलटा करा. मागची बाजू खऱ्या चामड्याची असेल तर थोडी केसाळ किंवा घासून गुळगुळीत केलेली असते. अगदी सारखी, छापल्यासारखी जाळी दिसली तर ते कापड किंवा रेक्झिन. समोरून वाकवून बघा. चांगल्या ग्रेनवर बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर जातात. मोठे, फुगीर पन्हाळे पडले तर ग्रेन खालच्या थरापासून सुटायला लागलाय किंवा ते पोटाचं चामडं आहे. छिद्रं सगळीकडे एकाच मापाची, एकाच अंतरावर दिसली तर साच्याचा संशय घ्यावा. जनावराची त्वचा इतकी शिस्तीची नसते. एखादा गोचिडाचा डाग, भरलेला जुना ओरखडा मला तर आवडतो. त्यानं ग्रेन घासलेला नाही याची खात्री पटते. वासावर विसंबू नका, चामड्याचा वास बाटलीत मिळतो.

जाडी साध्या पट्ट्याला एकाच थरात ३.५ ते ४ मिलिमीटर चांगली. जीन्सवर ३८ मिलिमीटर रुंदी बसते, ऑफिसच्या पँटला ३० ते ३५.

हाताच्या शिवणीबद्दल बरंच ऐकू येतं, ते खरं आहे. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन धागे मधे एकमेकांत अडकवलेले असतात. एक झिजून तुटला की रांग उसवू शकते. सॅडल स्टिच हा जीन-खोगिराच्या कामातला टाका. त्यात मेण लावलेला एकच धागा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. पण साध्या पट्ट्याला शिवण लागते कुठे? बक्कल अडकवतो त्या घडीपाशी फक्त. कंबरभर शिवण असेल तर ती अनेकदा दोन थर एकत्र धरायला असते. हातानं शिवलेलं म्हणजे चांगलं चामडं, असा अर्थ काढू नका. वाईट चामड्यावरही कुणी तरी मन लावून सुंदर टाके घालतं, आणि ती मेहनत वाया गेलेली बघून मला वाईट वाटतं.

बक्कल ओतीव पितळेचं घ्यावं. लोहचुंबक चिकटला तर लोखंड आहे हे कळतं, पण स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूला तो चिकटत नाही, म्हणून चुंबकावर निर्णय देऊ नका. हातात वजन बघा. पितळ त्या मापाच्या जस्तापेक्षा जड लागतं. तांबट आळी आपल्याच कसब्यात असल्यानं पितळ ओळखायला पुणेकरांना वेगळं शिकवायला नको. काटा बक्कलच्या दांड्यावर सैल डुगडुगत नाही ना आणि त्याचं टोक गोल आहे ना, हे बोटानं चाचपून बघा. टोकदार काटा भोकं फाडतो.

शिकायचं असेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा. तिथे वापरून टाकलेले पट्टे मिळतात, आणि वापरलेला पट्टा खोटं बोलू शकत नाही. कुठे सोललाय, कुठे लांबलाय, कुठली कड अजून घट्ट आहे, सगळं समोर असतं. मी असे पट्टे आणून मधोमध चिरते आणि कडा एका फळीवर ओळीनं लावते. माझी सगळ्यांत उपयोगी शाळा ती फळी आहे.

पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याची परीक्षा होते. बंद कपाटात गुंडाळी करून ठेवलेल्या पट्ट्यावर ऑगस्टपर्यंत पांढरी बुरशी येतेच. कोरड्या फडक्यानं घराबाहेर पुसावी, सावलीत वाऱ्यावर टांगावं, उन्हात टाकू नये. बक्कल वर करून खुंटीला सरळ लटकवलेला पट्टा सर्वांत सुखी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला सर्वांत दुःखी. वर्षातून दोनदा मधमाशीच्या मेणाचा हलका हात पुरतो. तेल हवंच असेल तर अगदी थेंबभर. तेलानं थबथबलेले तंतू सरकायला लागतात आणि ताठ पट्टा लोळागोळा होतो. नव्या, सालीच्या चामड्याच्या पट्ट्यावर कधीकधी पांढुरकी झाक दिसते ती बुरशी नव्हे, आतलं मेण वर आलेलं असतं. बोटानं चोळलं की विरघळतं. बुरशी पुसली जाते, विरघळत नाही.

हाताचा पट्टा करून घेताना पँटचा नंबर सांगू नका, तो कंपनीगणिक बदलतो. सध्याचा पट्टा टेबलावर सरळ ठेवा आणि बक्कलपाशी चामडं जिथे दुमडतं तिथून तुम्ही रोज वापरता त्या भोकापर्यंत टेप लावा. ते माप मधल्या भोकाचं. भोकं पाच किंवा सात, म्हणजे मधलं एक असतंच, आणि दोन्ही बाजूंना वाढायला-घटायला जागा राहते. ऑर्डर देताना त्याच चामड्याचा बोटभर तुकडा मागा. जो आनंदानं देतो त्याच्याकडे निर्धास्त करून घ्या.

भावाला मी असं माप घ्यायला लावलं आणि त्याच्यासाठी म्हशीच्या पाठीचा, बाभूळ-हिरड्यानं कमावलेला, न रंगवलेला पट्टा केला. दिला तेव्हा तो बदामासारखा फिकट होता. टॅनिनला ऊन आणि हवा लागली की ते गडद होत जातं. आता वर्षाच्या आत त्याचा रंग उकळलेल्या चहासारखा झाला आहे. फक्त पट्ट्याचं टोक अडकवायची लूप बाजूला सरकवली की तिच्याखाली बोटभर जागा अजून पहिल्या दिवसाच्या रंगाची निघते.